घोड्याची आयाळ

कॉमिक्सच्या मेळाव्यात बायकोबरोबर फिरून गुडघे बोलायला लागले, म्हणून मी एका टेबलामागे दिसली ती रिकामी खुर्ची गाठली. लगेच पाठीवर लाल पडदा बांधलेली एक तरुणी येऊन म्हणाली, "सर, तुमचा तो मासिकातला घोडा काढून द्या ना!" माझ्या घोड्याला शाळेत बाई गाय समजून गुण द्यायच्या.

तेवढ्यात खरे चित्रकार चहा घेऊन आले. मी धडपडत उठलो. "बसा हो," ते हसले, "या टेबलाशी आज अजून कुणी फिरकलंच नव्हतं." मग तिला म्हणाले, "हात कापतो गं. मासिक बंद पडल्यापासून ब्रश धरलेला नाही. रेघ सरळ येत नाही."

"मग वाकडी काढा!"

त्यांनी काढली. त्या थरथरीतून आयाळ अशी उधळली की कागदावर वारा सुटला. सरळ येत नाही म्हणून मी काय काय सोडलं, ते आठवलं: बासरी, पोहणं, पोळ्या लाटणं. चित्रकार तर दुसरा कागद शोधायला लागले होते.

बाहेर पडताना बायको म्हणाली, "अहो, घोड्यावर स्वार नाही काढला त्यांनी. मेळावा उद्याही आहे ना? स्वार कुठे, ते विचारायला मी उद्या येणार आहे, असं त्यांना सांगून आलेय."