कच्चा आकडा

अंगद अकरा वर्षं एका कंपनीसाठी तीर्थपुरीकडचे बियाण्याचे प्लॉट तपासायचा, आणि त्याची रीत ठरलेली. सकाळी भेंडीच्या ओळीतून फिरायचं, भेसळीची, म्हणजे दुसऱ्या वाणाची झाडं मोजायची, कच्चा आकडा टिपायचा आणि शेतकऱ्याला सांगायचं, फूल उमलायच्या आत उपटा. सांजच्याला परत चक्कर मारायची. प्लॉट साफ दिसला की जालन्यात मस्तगडच्या खोलीवर मांडी घालून लॅपटॉपात पक्का आकडा भरायचा. बांधावरून भेसळ ओळखणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं, आणि त्या नावाची त्याला घमेंडही होती. खोटं कशाला बोला?

यंदा कंपनीनं लॅपटॉप काढून घेतला नि हातात टॅबलेट दिला. मेल, याद्या, फोटो, आता सगळं ह्याच्यावरच. उभ्याउभ्या काम होतं म्हणे! अरे, उभ्याउभ्या होतं हीच तर भानगड. माणसाला बसून विचार करायला दोन घटका नकोत का?

तुळजाबाई म्हणजे एकटी बाई, एकटीनं प्लॉट निंदून-खुरपून उभा केलेला. तिथं भेसळीची झाडं तेवीस भरली. अंगदनं सवयीनं कच्चा आकडा म्हणून टॅबलेटवर तेवीस टाकले, अंगठा लागला आणि आकडा थेट कंपनीत गेला. पडद्यावर लाल अक्षरं आली, प्लॉट नापास. कच्चं-पक्कं त्या पाटीला काय कळणार!

नापासाचं काही न सांगता अंगदनं बाईला झाडं तेवढी उपटायला लावली, दुपारपर्यंत थांबून सगळ्या ओळी पुन्हा पाहिल्या. एकही राहिलं नव्हतं, अन् कळ्या अजून मिटलेल्याच होत्या.

मंग गाडीला किक मारून तो जालन्याच्या ऑफिसात गेला. साहेबांनी हात वर केले. आकडा बदलायचा तर मोजणाऱ्यानं लिहून द्यायचं की मोजण्यात चूक झाली, आणि ते त्याच्या नावावर कायमचं राहणार.

चूक? कुणाचीही नजर चुकेल, अंगदची न्हाई. तो ऑफिसबाहेर आला, पुन्हा आत गेला. चहा मागवला, तसाच ठेवला. टॅबलेट पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. जीव थाऱ्यावर नव्हता. अकरा वर्षांचं नाव एका बोटानं पुसायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण तिकडं बाईचा अख्खा हंगाम लाल अक्षरांत पडला होता. शेवटी जिन्यात उभ्याउभ्याच त्यानं एका बोटानं लिहिलं, "मोजण्यात माझी चूक झाली," आणि पाठवलं. प्लॉट पास झाला.

अशी बातमी दडते कुठं? बाजारच्या दिवशी तीर्थपुरीत हॉटेलावर जो तो चेष्टा करू लागला. साहेब, चष्मा लावा आता. एकानं तर भज्यांची प्लेट पुढं सरकवून मोजायला लावली. अंगद हसत होता, पण कान तापले होते.

तेवढ्यात पिशवी घेऊन चाललेली तुळजाबाई थांबली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"तेवीसच व्हती," ती म्हणाली. "म्या माझ्या हातानं उपटलीत."

अंगद घाईघाईनं उठून तिच्याजवळ गेला.

"मावशी," तो म्हणाला, "हळू बोला."