पोट्टीचं काय आलं?

मुलीला ताप आला तो गुरुवार होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आमच्या घरात दोन पक्ष पडले होते आणि तिसरा बाहेरून पाठिंबा देत होता.

एप्रिल महिना, करोनाची दुसरी लाट. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पुण्याजवळ मांजरीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहत होतो, मी, नवरा, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे, मुलगी आबाजी म्हणायची. ते भंडाऱ्याकडचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर नवरा त्यांना इकडे घेऊन आला होता. वय एकाहत्तर, मधुमेह जुना, आणि झोपायचे नातीच्या खोलीत, तिच्या पलंगाला लागून टाकलेल्या गादीवर. सगळा प्रश्न त्या गादीचा होता. लहान मुलं यातून बहुतेक बरी होतात, असं डॉक्टर सांगत होते. भीती होती ती बाबांची. मुलीला करोना असेल तर बाबांचं काय, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तिची टेस्ट करायची होती.

नवरा संगणकवाला. त्याने लगेच लॅपटॉपवर तक्ता केला. पहिल्या रकान्यात महापालिकेचं केंद्र, दुसऱ्यात हडपसरची लॅब, तिसऱ्यात घरी येऊन नमुना घेणारी बाई. मी म्हटलं, "चौथा रकाना 'नुसतंच बोलत बसणे' असा ठेव, तो आपल्याला सगळ्यात चांगला जमतो." माझं माहेर कसबा पेठेतलं. घाबरले की मी असंच बोलते. नवऱ्याला ते लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, बाबांना मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

महापालिकेचं केंद्र एका शाळेच्या मैदानात होतं. सकाळी आठपासून उन्हात रांग. शेजारच्या वहिनी तिथे दोन तास उभ्या राहून आल्या होत्या आणि म्हणाल्या, "नसला तर तिथे नक्की मिळतो." लॅबमध्ये रांग कमी, पण आमच्याकडे फक्त दुचाकी. तापलेल्या पोरीला मध्ये बसवून सोलापूर रस्त्यावरून न्यायचं माझ्या जिवावर आलं. घरी येणारी बाई रविवारशिवाय मिळत नव्हती. नवऱ्याचं म्हणणं, शनिवारी सकाळी केंद्रावर जाऊ, एक दिवस आधी कळेल. माझं म्हणणं, रविवारी घरी करू, पोर निदान आपल्या खुर्चीत बसून रडेल.

मी जिंकले. भांडणात मी सहसा जिंकते.

त्या एका दिवसाने काही बिघडलं का, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. विचारायचं मी किती तरी डॉक्टरांना विचारलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "रिपोर्टची वाट बघू नका, आजोबांना आजच वेगळं करा." मी बाबांची गादी उचलून हॉलमध्ये टाकली. अर्ध्या तासाने ती परत मुलीच्या खोलीत होती. बाबा स्वतःच घेऊन गेले होते.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंत ना?"

"कागद येऊ दे, बाई. कागद आल्याशिवाय कोणाले बिमार म्हणू नये."

सगळी नोकरी टपालखात्यात गेलेली. सहीशिक्क्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नसत. शिवाय तापात मुलीला त्यांचा हात लागायचा. तो हात कपाळावर असला की ती झोपे, नसला की किरकिर करी. मी एकदा बोलले, पुन्हा बोलले नाही. मुलगी त्यांच्याजवळ शांत झोपत होती, आणि दोन दिवसांच्या जागरणानंतर मलाही झोप हवी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता 'आधी मी'बद्दल सांगायला हवं.

मुलगी जे जे करायला नाही म्हणे, ते बाबा आधी करून दाखवत. कडू औषधाचा चमचा आधी त्यांच्या तोंडात, मग तिच्या. केस कापायला गेले की आधी त्यांच्या मानेवर मशीन फिरायचं, मग तिच्या. कारल्याची भाजी, डोळ्यांत घालायचे थेंब, पावसात छत्रीशिवाय पहिलं पाऊल, सगळं 'आधी मी'. दवाखान्यात तिला लस द्यायची वेळ आली की ते स्वतःची बाही वर करून म्हणायचे, "डॉक्टर, मले द्या पहिले." डॉक्टरीणबाई सुईचं टोपण न काढता त्यांच्या दंडाला लावत आणि बाबा "काहीच नाही!" म्हणत. मला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मुलांना एवढं लाडावून ठेवू नये, या मताची मी. पण आमचं घर त्यावर चालायचं, हेही खरं.

शनिवारी आमची चर्चा चालू असताना ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काहून एवढं डोकं लावून राहिले तुम्ही? काडीच घालायची हाय ना नाकात? आधी मी घालून घेतो."

नवरा म्हणाला, "बाबा, ही खोटी खोटी नसते. खरी करावी लागेल."

"मंग खरी करू. माह्यं बी नाव लिही."

त्यांनी कपाटातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स तयार असत. नवऱ्याने त्यांचंही नाव घातलं. आम्हा दोघांना ते बरंच वाटलं, कारण नाहीतर मुलीला धरून बसवायचं काम आमच्यावर आलं असतं.

त्यांना खोकला होता. पण तो कधीचा होता, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. फोडणीचा ठसका लागलाय, असं ते म्हणत आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेत असे. तीन दिवस आम्ही दर दोन तासांनी मुलीचा ताप मोजत होतो. बाबांच्या कपाळाला हात लावायचं कुणालाच सुचलं नाही.

रविवारी सकाळी ती बाई आली. पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त झाकलेली, फक्त डोळे दिसत होते. मुलगी तिला बघूनच माझ्यामागे लपली. ताप पहाटेच उतरला होता. बाबांनी हॉलमध्ये खुर्ची ओढली, धोतर सावरून बसले आणि नातीकडे बघून डोळे मिचकावले. "आधी मी."

काडी नाकात गेली. बाबा हलले नाहीत. पण ती फिरवताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि काडी बाहेर येताच त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की खुर्चीचा हात धरून ते वाकले. "काहीच नाही" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द निघेना.

मुलीने आबाजींच्या डोळ्यांत पाणी कधी पाहिलेलं नव्हतं. ती पळाली. बाथरूममध्ये जाऊन तिने आतून कडी लावून घेतली.

पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं दाराबाहेर उभे होतो. नवरा म्हणत होता, स्क्रू काढून दार उघडू, धरून ठेवू, दोन सेकंदांचं काम आहे. ती बाई घड्याळाकडे बघत होती. "मॅडम, मला अजून सात घरं आहेत." आतून मुलगी ओरडून रडत होती. आणि मी म्हटलं, "राहू दे. ताप उतरलाय. नको करायला."

त्या बाईने मुलीच्या नावाच्या फॉर्मवर तिरकी रेघ मारली आणि ती एकच नमुना घेऊन गेली.

मंगळवारी दुपारी नवऱ्याच्या फोनवर कागद आला. बाबा पॉझिटिव्ह.

आम्ही ज्यासाठी तीन दिवस भांडलो ती टेस्ट झालीच नाही, आणि गंमत म्हणून जी झाली तिने खरं सांगितलं. बोटाला मशीन लावलं तेव्हा ऑक्सिजन नव्वदच्या खाली होता. बाबा म्हणाले, मशीन खराब असेल. पण कागद त्यांनी दोनदा वाचला आणि मग पिशवी भरायला घेतली. दोन सदरे, चष्मा, गोळ्या, झेरॉक्स. हॉस्पिटलात जागा मिळायला संध्याकाळ झाली. रुग्णवाहिकेपर्यंत ते स्वतः चालत गेले. सोसायटीतली माणसं आपापल्या बाल्कनीत उभी होती. पांढऱ्या पोशाखातली बाई लिफ्टमध्ये दिसली तर ज्यांच्या बोलण्याची मी दोन दिवस धास्ती घेतली होती, त्यांच्यातल्या एका काकांनी वरून हात जोडले. बाबांनीही पिशवी खाली ठेवून जोडले.

आम्ही दोघं पुढे पॉझिटिव्ह निघालो, पण निभावलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीची टेस्ट आता करून काही उपयोग नाही, झाला असणार असंच समजा. म्हणजे कुणी कुणाला दिला, ते कायमचं राहिलं. मुलीपासून बाबांना लागला असेल. बाबांपासून तिला. मी तेव्हा बँकेत कॅश काउंटरला बसत होते, दिवसाला दीडशे माणसं समोर यायची. माझ्यापासून दोघांना लागला असेल, हे मला जास्त पटतं.

बाबा रोज फोन करत. आवाज बसलेला, मध्येच दम. जेवण, बाजूचा रुग्ण, पंखा, यांविषयी एकेक वाक्य. आणि शेवटी हमखास, नातीबद्दल त्यांच्या बोलीत, "पोट्टीचं काय आलं?"

आम्ही तिची टेस्ट नंतर करून घेतली असणार, असं ते धरून चालले होते. मी म्हणे, "अजून नाही आलं, बाबा." मला वाटे, आपल्याला नातीपासून लागला का, हे त्यांना जाणून घ्यायचंय. मला ते जरा लागायचंसुद्धा. आजारी माणसाने सहा वर्षांच्या मुलीचा हिशेब काय मांडायचा, असंही एकदा मनात आलं. मनात आलं ते आलं, आता पुसता येत नाही.

सहाव्या दिवशी त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की मला फोन कानात दाबून धरावा लागला. "पोट्टीचं काय आलं?"

मी म्हटलं, "निगेटिव्ह आलं, बाबा."

पलीकडे त्यांनी दोनदा दम घेतला. मग म्हणाले, "मंग झालं. माह्यापासून नाही लागलं तिले. तेवढंच पाहिजे होतं मले."

त्यांनीच फोन ठेवला. त्यानंतर त्यांना मशीनवर घेतलं आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांना घरी आणता आलं नाही. नवरा एकटा लांबून बघून आला. पिशवी परत मिळाली. तिच्यात दोन झेरॉक्स उरल्या होत्या.

यंदा गणपतीनंतर मुलीला आणि मला एकदमच ताप आला. डेंग्यूची साथ होती. डॉक्टरांनी दोघींना रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये बाकावर बसलो होतो. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. अचानक तिने विचारलं, "मम्मी, आबाजींना माझ्यामुळे झालं होतं का गं?"

हा प्रश्न येणार हे मला पाच वर्षं माहीत होतं. उत्तर तयार होतं. "नाही. तुझी टेस्ट निगेटिव्ह आली होती."

"माझी टेस्ट कधी झाली?"

"नंतर. तू झोपेत होतीस."

"नाकात काडी घातली तरी उठले नाही मी?"

तिला बाथरूमची कडी आठवत होती. तिच्या आवाजातच ते कळत होतं.

मग तिने विचारलं, "आबाजींना सांगितलं होतंस? माझं निगेटिव्ह आलं म्हणून?"

"हो. सांगितलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मंग झालं. तेवढंच पाहिजे होतं मले."

ते शब्द त्यांचेच होते, हे तिला ऐकताच कळलं. तिचा चेहरा वाकडा झाला, ओठ घट्ट मिटले, आणि तिने माझा हात धरला. मी खोटं बोलले होते हे तिला कळलं होतं, आणि कुणासाठी बोलले होते तेही.

आतून दोघींची नावं पुकारली. सुई हातात घेतलेल्या बाईने आमच्याकडे बघून विचारलं, "आधी कोण?"

मी पर्स खाली ठेवेपर्यंत मुलगी खुर्चीत जाऊन बसली होती. तिने बाही वर केली.

"आधी मी," ती म्हणाली.

सुई आत गेली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती केवढं बळ लावत होती, ते मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "काहीच नाही."