औषधात बुडवलेली दोरी

धाकटा भाऊ गेल्यावर मी त्याच्या ऑपरेशनबद्दल पुष्कळ वाचलं. जळगावच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथं दुपारी फारसं कुणी फिरकत नाही. मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा काढतात, ती गुडघ्यात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवतात, आणि जंतू लागू नयेत म्हणून बसवण्याआधी अँटिबायोटिकच्या पाण्यात भिजवून ठेवतात. आम्हाला सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. वाचून काही मिळत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी तेच पान पुन्हा उघडते.

तो सावद्याला केळी करायचा. ओल्या बागेतून घड खांद्यावर घेऊन येताना पाय घसरला आणि गुडघा पिळवटला. तेल चोळून, पट्टा बांधून त्यानं काही महिने काढले. पण बांध चढताना गुडघा मधूनच निसटायचा. बागेत हिंडता आलं नाही तर ती बटाईनं द्यावी लागणार, हे त्याला सहन होत नव्हतं. तेवढ्यासाठी तो जळगावला आला.

डॉक्टरांनी कागदावर गुडघा काढून दाखवला. दोरी औषधात भिजवायची गोष्ट निघाली तसा हा पुढे सरकला.

"म्हणजे आम्ही कंद बुडवतो तसंच की! लागवडीआधी आम्ही केळीचे कंद औषधाच्या पिंपात ठेवतो. मग सडत नाहीत. तुम्ही किती वेळ ठेवता?"

"तुमच्यापेक्षा कमीच," डॉक्टर हसले. "पण ताप आला, गुडघा गरम लागला, तर लगेच यायचं. थांबायचं नाही."

दोरी कंदासारखी बुडवतात, हे त्यानं गावभर सांगितलं. तापाचं त्याच्या लक्षात राहिलं नसावं.

ऑपरेशन होऊन घरी परतल्यावर ओटीवर खाट टाकली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी गुडघ्याकडे बघायचा. बाजूच्या शेतातले नाना म्हणाले, "औषधात बुडवेल हाये म्हणतो? मग पावसाळ्यात याच्या गुडघ्याले केळीचे पील फुटतीन!"

"फुटले तर तुमच्याच बांधावर लावतो, नाना," हा म्हणाला. पट्टी बांधलेला पाय हलवत सगळ्यांबरोबर तोही हसला.

त्यानंतर ताप आला. आईनं कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांना फोन कर म्हणाली. त्यानं तिलाही तेच सांगितलं, "बुडवेल कंद कधी सडला का, आई? पाहुण्यांची दगदग झाली, दुसरं काही नाही." आमच्या घरात हे पटण्यासारखंच होतं. आबांनी, आमच्या वडिलांनी, जन्मभर कंद बुडवून लावले होते आणि त्यांची बाग कधी कुजली नव्हती. आबांनीही होकाराची मान हलवली. तापाच्या गोळ्या चालू राहिल्या. चादर टेकली तरी तो ओरडू लागला तेव्हा त्याला गाडीत घातलं.

गुडघ्यातून पू निघाला. सांधा धुतला, पुन्हा धुतला. शेवटी ती दोरीही काढून टाकली. दोरी भिजवली होती, तरी असं कसं, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "भिजवल्यानं धोका कमी होतो, ताई. संपत नाही. आणि उशीर झाला."

तोवर जंतू रक्तात गेले होते. अतिदक्षता विभागात थोडा वेळ आत सोडायचे, तेव्हा एकदा त्यानं डोळे उघडले.

"अक्का, डॉक्टरनं दोरी बुडवली होती ना?"

"हो रे."

"मग मातीच खराब निघाली," तो म्हणाला आणि स्वतःच्या अंगाकडे बघून किंचित हसला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आता कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड आली आहे. बाग बटाईनं द्यावी असं सगळे म्हणत होते, आबांनी ऐकलं नाही. रविवारी मी सावद्याला गेले तेव्हा सऱ्या पाडून तयार होत्या, मजूर बायका बांधावर बसल्या होत्या, आणि आबा औषधाच्या पिंपाशी उकिडवे बसले होते. आत कंद होते.

"आबा, काहाडू का आता? झाला टाइम," बायकांतली एक म्हणाली.

"राहू दे."

ऊन डोक्यावर आलं. तिनं पुन्हा विचारलं, "जास्त राह्यले तर औषधानं जळतीन, आबा."

"राहू दे म्हनलं ना!"

बायकांनी माझ्याकडे बघितलं. ऊन कललं तशा त्या एकेक करून उठल्या आणि घराकडे निघाल्या. सऱ्या रिकाम्याच राहिल्या. आबांनी कोपरापर्यंत हात पिंपात घालून एक कंद वर काढला, सगळीकडून फिरवून बघितला, आणि पुन्हा आत सोडला.