दिव्यावर चिकटवलेले नाथ

तोरणमाळच्या घाटात गोरक्षनाथांनी आमची गाडी अडवून धरली, ही हकिकत आमच्या कळसाडी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मीच ती सांगत आलो. पण त्यातलं एक मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. देवापुढे बसलो तरी ते मनातल्या मनात उच्चारायचं टाळलं. आज लिहितो. बोलायला गेलो तर जीभ पुन्हा सवयीच्याच वाटेने जाईल.

आमची गाडी जुनी, डिझेलची. खताच्या गोण्या, पाहुणे, दवाखाना, सगळं तिच्यावरच. काही महिन्यांपासून तिच्या स्टिअरिंगसमोरच्या काट्यांजवळचा पिवळा दिवा लागायला लागला होता, तो इंजिनाच्या चित्राचा. शहाद्याच्या मिस्तरीने मशीन जोडून तो घालवला. थोड्या दिवसांत परत लागला. पुन्हा नेली, पुन्हा घालवला, पुन्हा लागला. शेवटी मिस्तरी म्हणाला, "नाना, दिवा तर मी आते बंद करी देसू, पन रोग तठेच शे. डिझेलनी लाइन खोलनी पडी. गाडी मन्हाजोडे सोडी जा." कापूस वेचणी ऐन भरात होती. मी म्हणालो, पुढल्या आठवड्यात आणतो. तो आठवडा मी कधी येऊच दिला नाही. गाडी चालत होती ना!

डेअरीवर दूध घालायला गेलो की लोक हसायचे, "काय नाना, गाडीमा समई लाई ठेवी का?" बायको शेजारी बसली की विचारायची, "हाऊ दिवा का बरं पेटस?" मी खेकसायचो, "पेटू दे. तुले काय करनं शे?" खरं तर माझा राग दिव्यावर नव्हताच. माझा आळस रोज माझ्याच डोळ्यांसमोर पेटत होता, ते सहन होत नव्हतं.

मग एक दिवस मी तो झाकला. घरात गोरक्षनाथांचा एक छोटा फोटो होता, पाठीला गोंद असलेला. तो बरोबर त्या दिव्यावर, काचेवर चिकटवला. बायकोने पाहिलं आणि हात जोडले. "हाई बरं करं तुम्ही," म्हणाली. मी तिला तसंच समजू दिलं. लोक नाथांकडे रस्ता दाखव म्हणून हात पसरतात. मी त्यांना माझ्या डोळ्यांवर बांधायची पट्टी केलं.

त्याच सुमारास लेकीचं बाळंतपण झालं. बाळ दिवसांआधी आलं, नंदुरबारला काचेच्या पेटीत राहिलं. बायकोने नवस बोलला की बाळ घरी आलं तर तोरणमाळला नेऊन नाथांच्या पायांवर घालीन. बाळ घरी आलं. थंडी ओसरल्यावर आम्ही निघालो. मी, बायको, लेक आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं ते एवढंसं बाळ. निघण्याआधी मला मिस्तरी आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी फोटोला हात लावून कपाळाला लावला.

घाटाच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. एका वळणाच्या तोंडाशी इंजिन बंदच पडलं. इंजिन नसलं की ब्रेकही साथ सोडतो. घाबरून दोनचारदा दाबला आणि तो लाकडासारखा कडक झाला. हातब्रेक ओढला, तो तर कधीचा नावापुरता उरला होता. गाडी हळूहळू मागे घसरायला लागली. मागे दरी. "पप्पा!" एवढंच लेक ओरडली. मी नाथांचं नाव घेतलं की नाही, ते मला आठवत नाही. सांगताना मात्र घेतलं असंच सांगत आलो.

वरून एक माणूस लाकडाची मोळी घेऊन उतरत होता. त्याने मोळी टाकली, कडेचा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. दगड सरकला. त्याने तो पुन्हा हातानेच आत रेटला. चाक दगडावर चढलं, गाडीला हिसका बसला आणि ती थांबली. लेक बाळाला घेऊन उतरली. बायको उतरली ती रस्त्यावरच बसली आणि धुळीत डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. तिने त्या माणसाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

मी पाहिलं. तो कठड्याशी बसला होता. दगडाखाली त्याची बोटं सापडली होती. डोक्याचं फडकं त्याने हाताला गुंडाळलं होतं आणि ते लाल होत चाललं होतं. मी विचारलं, "लागलं का?" तो डोंगरातला पावरा आदिवासी, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलला. "तुमी जा. लेकरू लहान आहे."

तेवढ्यात मागून एक जीप आली. जीपवाल्याने बायका-बाळाला वर न्यायची तयारी दाखवली. मला म्हणाला, "नाना, तुम्ही वर येता, की याला घेऊन खाली जाता? खाली जाणारी गाडी थांबवून देतो." मी त्या जखमी माणसासोबत दवाखान्यात जायला हवं होतं. पण तिथे कुणीतरी विचारणार, गाडीला काय झालं होतं? आधी काही कळलं नव्हतं का? मी जीपमध्ये बसलो.

दर्शन करून त्या वळणावर परतलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. बायको म्हणाली, "दखा, दिसतस का आते कोठे? नाथबाबाच व्हतात त्या." मी हो म्हणालो. त्या एका होकाराने मी सुटलो. देव अंतर्धान पावतो. त्याला दवाखान्यात न्यावं लागत नाही.

गाडी ओढून मिस्तरीकडे आणली. डिझेलच्या लाइनीत कचरा आणि हवा, त्याने सांगितलं होतं तेच निघालं. काम करताना त्याने फोटो सोलून काढला, खालचा पिवळा दिवा पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, देवले हाई काम का बरं लावं?" हसतच म्हणाला. मीही हसलो.

पुढे श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटाच्या जेवणाला भाऊबंद जमले तेव्हा मी हकिकत सांगितली. नंतर सत्संगात, लग्नाघरी. दर वेळी तो माणूस थोडा उंच व्हायचा. मग त्याला पांढरी दाढी आली, कपाळावर भस्म आलं. बायका पदराने डोळे पुसायच्या. खरा तो माझ्यापेक्षा ठेंगणा होता, माझ्याच वयाचा, आणि त्याच्या शर्टाला बटण नव्हतं.

मध्यंतरी शहाद्याच्या बाजारात तो समोर आला. मी भाजी घेत होतो, बायको शेजारी होती. त्याने मला ओळखलं. उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात वळून ताठ झालेली, पिशवी डाव्या हातात. त्याने ना हाताकडे बोट दाखवलं, ना काही मागितलं. फक्त विचारलं, "लेकरू कसं आहे?" मी म्हणालो, "बरं आहे," आणि पुढे झालो. बायकोने विचारलं, "कोन व्हता तो?" मी म्हणालो, "कोनी मजूर व्हई." एवढं म्हणून मी वांगी निवडायला लागलो.

घाटातली भीती देव माफ करील. बाजारातल्या या वाक्याची माफी मागायचीही मला लाज वाटते.

मी नास्तिक झालेलो नाही. उलट आता पक्कं वाटतं की त्या दिवशी घाटात नाथ आलेच होते. फक्त ते अंतर्धान पावले नाहीत. रस्त्याच्या कडेला रक्त थांबायची वाट बघत बसले होते. निघून गेलो तो मी. इतकी वर्षं शरण जाणं म्हणजे आपला भार देवावर टाकून मोकळं होणं, असं मी समजत होतो. पण शरण जायचं तर मान खाली घालून जावं लागतं, आणि तेवढं एक मी कधी केलं नाही. आज नात अंगणात दुडूदुडू चालते, मातीत हात भरवते. तिला पाहिलं की मी नाथांचे उपकार मानतो आणि त्याच श्वासात मला ती तळव्यात वळलेली दोन बोटं आठवतात.

त्या माणसाचं नाव मी अजून विचारलेलं नाही. त्याचं घर शोधून, बायको आणि लेकीला सोबत घेऊन, त्याच्यासमोर त्या दोघींना खरं काय ते सांगणं माझ्याकडून बाकी आहे.