शेततळ्यातलं वादळ

मी जहाजं तपासते, हे आमच्या आत्याला पटतच नव्हतं. "पोरीला एवढं शिकवलं, अन् ती करती काय ते तुलाच सांगता येत न्हाई," असं तिनं बाबांना चार पाहुण्यांत सुनावलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबांना ते फार लागलं. मी सुट्टीवर आले तशी त्यांनी आत्याला वसमतहून बोलावूनच घेतलं. मला म्हणाले, "दाखव तिला. एकदाचं तोंड बंद होऊ दे."

मग शेततळ्यावर वादळ मांडलं. काठावर घरातला कूलर, तो वारा. आई पाण्यात पाट हलवून लाटा करणार. जहाज माझंच, हातभर लांब, लाकडी, बॅटरीवर चालणारं.

आत्याला सांगितलं, "इंधन वाचावं म्हणून हल्ली जहाजाला लहान इंजिन बसवतात. पण वादळात त्याला वाऱ्याकडं तोंड वळवता आलं पाहिजे. न्हाई आलं तर वारा त्याला आडवं रेटत नेतो अन् खडकावर घालतो."

कूलर सुरू झाला. जहाजानं झोकात नाक वळवलं आणि वाऱ्यासमोर ताठ उभं राहिलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आत्या खरंच गप्प झाली.

मला मात्र शंका आली. एवढीशी मोटर इतकी गुणाची कशी? वाकून पाहिलं, तर जहाजाच्या नाकापासून कूलरजवळच्या खुंटीपर्यंत सुतळी!

"वाहून गेलं म्हंजे?" बाबा म्हणाले. "वासरू न्हाई का बांधत आपण?"

"बाबा, नाकाला दोरी असली की कोणतंही जहाज वाऱ्याकडं तोंड करतं. ही परीक्षा धरता येत न्हाई."

"राहू दे की," ते हळूच म्हणाले. "तिला काय कळून राहिलं?"

पण मला कळत होतं ना. मी सुतळी सोडली. जहाज आडवं झालं आणि निमूट पलीकडच्या काठाला जाऊन आपटलं.

आत्या हसून हसून खाली बसली. "बुडाली गं बाई तुझी नोकरी!"

"हीच तर नोकरी, आत्या. हे इंजिन मी नापास केलं. आता मोठं बसवल्याबिगर जहाजाला परवानगी न्हाई."

"अन् एवढाले कंपनीवाले तुझं ऐकतात?"

"नियमच आहे. ऐकावंच लागतं."

आत्यानं पदरानं डोळे पुसले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आपल्या घरात आजवर सगळे नापास झालेले," ती बाबांना म्हणाली. "नापास करणारी ही पहिलीच निघाली रे!"

"मग? इतके दिवस मी दुसरं काय सांगून राहिलो होतो?" बाबा म्हणाले, आणि छाती काढून जहाज आणायला निघाले.