फळवाल्याचा पहिला डबा

आमच्या गल्लीतला फळवाला गिऱ्हाइकाला पेरू निवडू देत नाही. स्वतःच निवडून पिशवीत टाकतो. अशा माणसानं जिओकॅशिंगचा नाद धरला. म्हणजे डबा लपवायचा, ठिकाण फोनवर टाकायचं आणि अनोळखी माणसानं तो शोधायचा. धारूरच्या किल्ल्यात डबा ठेवून हा महिनाभर वाट बघत होता.

परवा मी पाहुण्यांना किल्ला दाखवत होते. तिथं पुण्याचं दुसरंच एक जोडपं फोन घेऊन तटाशी डबा शोधत होतं. हा बुरुजावर पाळतीवरच बसला होता, तिथूनच ओरडला, “अवो, तिकडं न्हाई! फुटक्या पायरीखाली हाय!” आणि धावत येऊन डबा काढून हातातच दिला.

“शोधायचा होता ना आम्हाला!” बाई वैतागली.

“भाऊ, मग लपवला कावून?” मी विचारलं.

“म्हणून काय ताई, पाहुण्याला उन्हात हिंडवायचं?”

मग न विचारता त्या जोडप्याच्या पिशवीत पेरू टाकले. निवडून.