बत्तीस गणवेश आणि एक कुर्ता

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण त्याचे तास सकाळीच संपायचे आणि दुपारी अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात बसता यायचं. त्यातलं एकच सूत्र डोक्यात राहिलं: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. अब्बांनंतर ब्रह्मपुरीचं हे दुकान मी चालवायला घेतलं, आणि एकदा ते सूत्र वापरायची पाळी आली.

पंधरा ऑगस्ट दोन दिवसांवर. शाळेचे बत्तीस गणवेश अर्धवट पडलेले. तेवढ्यात माझे जुने गुरुजी कापड घेऊन आले. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं.

"बेटा, एक कुर्ता पाह्यजे. भाषण बी लिवून राह्यलो."

इकडे बत्तीस पोरं, तिकडे एकटे गुरुजी. नाही म्हटलं, वर कारणही समजावलं. त्यांनी जरा विचार केला. "गणित बरोबर हाय तुझं. पन ते माह्यावरच काऊन आलं, तेवढं समजून नाई राह्यलं."

पंधरा ऑगस्टला मी ऐटीत शाळेत गेले, बत्तीस सुखी चेहरे बघायला. एकही दिसला नाही. सातवीतली एक पोरगी तर माझ्यावर चिडलीच. "ताई, इतक्या लवकर काऊन शिवले? ज्याईले ड्रेस नाई, त्याईले कवायत माफ होती!"

गुरुजींनी झेंड्याची दोरी ओढली, तशी त्यांच्या जुन्या कुर्त्याची काख टर्रकन उसवली. ते भाषणाला उभे राहिले ते एक हात अंगाशी घट्ट दाबून. दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा. पान उलटायला हातच उरला नाही. पहिलं पान संपलं, त्यांनी गठ्ठ्याकडे एकदा पाहिलं आणि "जय हिंद" म्हणून बसले.

उन्हात उभ्या असलेल्या पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की हेडमास्तरही हसले. सगळं मैदान सुखी झालं होतं. माझं सूत्र खरं ठरलं, ते मात्र गणवेशांमुळे नव्हे. पण खाली मान घालून बसलेले गुरुजी दिसले आणि मला जिलेबी गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना कापडासकट दुकानात बोलावलं आणि सगळी कामं बाजूला सारून मी त्यांचा कुर्ता कापायला घेतला. गुरुजी समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून तेच कागद काढले.

"राह्यलेलं आयकतं का, बेटा?"

नाही कसं म्हणणार? गिऱ्हाईक आलं की ते थांबायचे. गेलं की एक पान मागे जाऊन पुन्हा सुरू करायचे.